खेळाडूवर आरोप झाला तर : नोकरीतील कारवाई वेगळी, कोर्टातील खटला वेगळा

राळेगाव (जि. यवतमाळ) : कबड्डी, कुस्ती, क्रिकेट खेळणारी मुले-मुली आपल्या वस्त्यावस्त्यांत आहेत. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण असल्याने अनेकांचे लक्ष तिकडे असते. अशा खेळाडूवर गैरवर्तनाचा आरोप झाला की दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. "कोर्टाने सोडले, आता नोकरी परत मिळणारच" आणि "समितीकडे तक्रार दिली, मग पोलिसांत कशाला?" दोन्ही समज चुकीचे आहेत. पहिल्यामुळे खेळाडूचे नुकसान होते, दुसऱ्यामुळे तक्रारदाराचे. म्हणून ही माहिती देत आहोत.

फरक काय?

फौजदारी खटला सरकार चालवते. त्यात गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा लागतो आणि शिक्षा तुरुंगवास किंवा दंडाची असते. खात्याची किंवा क्रीडा मंडळाची चौकशी सेवानियम किंवा आचारसंहिता मोडली का, एवढेच पाहते. तिथे 'असे घडल्याची शक्यता जास्त' एवढा पुरावा पुरतो. शिक्षा बंदी, दंड किंवा बडतर्फीची असते.

संविधानाच्या कलम २०(२) नुसार एकाच गुन्ह्यासाठी दोनदा खटला आणि शिक्षा होऊ शकत नाही. पण खातेनिहाय चौकशी म्हणजे खटला नव्हे, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी चालू शकतात. सर्वोच्च न्यायालयाने कॅप्टन एम. पॉल अँथनी प्रकरणात (१९९९) हे स्पष्ट केले. मात्र दोन्हीकडे तेच आरोप, तोच पुरावा होता आणि कोर्टाने निर्दोष सोडले, म्हणून त्याच निकालात बडतर्फी रद्दही झाली. म्हणजे सुटकेचा फायदा मिळू शकतो, पण तो आपोआप मिळत नाही.

तीन उदाहरणे

मे २०१३ मध्ये आयपीएल स्पॉट फिक्सिंग प्रकरणी दिल्ली पोलिसांनी श्रीशांत, अजित चंडिला आणि मुंबईचा अंकित चव्हाण यांना अटक केली. सप्टेंबरमध्ये बीसीसीआयने श्रीशांत आणि चव्हाण यांच्यावर आजीवन बंदी घातली. जुलै २०१५ मध्ये दिल्लीच्या कोर्टाने तिघांनाही आरोपमुक्त केले, तरी बंदी उठली नाही. मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने श्रीशांतला दोषी धरणारा मंडळाचा निष्कर्ष कायम ठेवला, पण आजीवन शिक्षेचा फेरविचार करायला सांगितले. नंतर ती ७ वर्षांवर आली. चव्हाणची बंदीही पुढे तेवढीच झाली.

ऑलिम्पिक पदकविजेता कुस्तीपटू सुशील कुमार याला मे २०२१ मध्ये खुनाच्या आरोपात अटक होताच उत्तर रेल्वेने निलंबित केले. खटल्याच्या निकालाची वाट पाहिली नाही.

युवराज सिंगने २०२० मध्ये जातिवाचक शब्द वापरला. तो २०१९ मध्येच निवृत्त झाला होता, पण कायद्याची वाट खुली होती. २०२१ मध्ये हरियाणातील हांसी येथे ॲट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला.

आपण काय लक्षात ठेवावे?

• राज्य शासनाचा कर्मचारी ४८ तासांपेक्षा जास्त कोठडीत राहिला तर तो निलंबित मानला जातो. निलंबन ही शिक्षा नव्हे. त्या काळात निर्वाह भत्ता मिळतो.

• आरोपपत्र लेखी मागावे आणि मुदतीत लेखी उत्तर द्यावे. बाजू मांडण्याची संधी न देता केलेल्या कारवाईला आव्हान देता येते.

• लैंगिक छळविरोधी कायदा (२०१३) मैदान, क्रीडा संस्था आणि स्पर्धेच्या जागेलाही लागू आहे. तक्रार ३ महिन्यांत द्यावी. १० पेक्षा कमी कर्मचारी असल्यास जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जावे. समितीकडे गेल्याने पोलिसांची वाट बंद होत नाही.

• जातीय अत्याचाराचा गुन्हा नोंदवण्यापूर्वी प्राथमिक चौकशीची गरज नाही (कलम १८-अ). "आधी क्लबची चौकशी होऊ द्या" हे उत्तर ऐकून परत येऊ नये.

आमचे म्हणणे एवढेच : आरोपी आपला आहे म्हणून तक्रार दाबू नये आणि परका आहे म्हणून निकालाआधी त्याला दोषी ठरवू नये. तक्रारदाराला दोन्ही दारे उघडी हवीत आणि आरोपीला दोन्हीकडे बोलण्याची संधी हवी.