पॉइंट टू-टू पिस्तूल: नवं घ्यावं की वापरलेलं? पैसे देण्याआधी हे तपासा

पेडणे आणि डिचोलीच्या गावांना बंदूक नवी नाही. रानडुकरांपासून शेती-बागायत राखण्यासाठी परवान्याची बंदूक आजोबांपासून चालत आलेली घरं इथे आहेत. नेमबाजीच्या स्पर्धेचं पिस्तूल मात्र वेगळं प्रकरण आहे. मुलगा किंवा मुलगी एअर पिस्तुलात बरे गुण काढू लागली, की पुढच्या टप्प्याला पॉइंट टू-टूचं नाव निघतं. मग कुणीतरी सांगतं, "अमक्याकडे जुनं पडून आहे, निम्म्या किमतीत देईल." घरात प्रश्न उभा राहतो: नवं घ्यावं की वापरलेलं?

थोडक्यात उत्तर असं: ज्याचा इतिहास आणि कागद दोन्ही स्वच्छ आहेत असं वापरलेलं पिस्तूल पहिल्या खरेदीला बहुतेकांना पुरतं. पण कागदात एक जरी गाळलेली जागा दिसली, तर ते फुकट मिळालं तरी घेऊ नये. कारण इथे चूक झाली तर नुसते पैसे बुडत नाहीत. विनापरवाना अग्निशस्त्र बाळगण्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान २ आणि कमाल ५ वर्षं तुरुंगवास आणि दंड, अशी शिक्षा आहे.

पॉइंट टू-टू म्हणजे काय?

या काडतुसात ठिणगी देणारं मिश्रण बुडाच्या मधोमध नसून कडेच्या आत भरलेलं असतं. पिन कडेवर आपटते आणि बार उडतो, म्हणून त्याला रिमफायर म्हणतात. व्यास ५.६ मिलिमीटर, गोळी शिशाची, झटका अगदी कमी. त्यामुळे दिवसाला शंभर-दीडशे फैरी झाडूनही हात थकत नाही. सराव होतो तो याच काडतुसावर.

२५ मीटरवरचं महिलांचं पिस्तूल, पुरुषांचं रॅपिड फायर आणि स्टँडर्ड पिस्तूल हे प्रकार या काडतुसाचे. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१३ मध्ये चांगवोनच्या विश्वचषकात आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलमध्येच सुवर्ण मिळवलं. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला.

या प्रकारांसाठी आंतरराष्ट्रीय नियमांनी पिस्तुलाची मापं ठरवून दिली आहेत. वजन १,४०० ग्रॅमपर्यंत, नळी १५३ मिलिमीटरपर्यंत, पुढच्या-मागच्या साइटमधलं अंतर २२० मिलिमीटरपर्यंत. चाप किमान १,००० ग्रॅम वजन उचलून धरणारा हवा. शिवाय अख्खं पिस्तूल ३०० बाय १५० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत मावलं पाहिजे. जुन्या बाजारात सात इंची नळीची सुंदर पिस्तुलं येतात. सात इंच म्हणजे १७८ मिलिमीटर. वाडीवर डबे पाडायला ते ठीक असेल (त्याचीही परवानगी नाहीच), पण स्पर्धेच्या तपासणीत ते बाद.

आधी परवाना, मग पिस्तूल

पेडणे, डिचोली हे दोन्ही तालुके उत्तर गोवा जिल्ह्यात येतात, म्हणून परवान्याचा अधिकार उत्तर गोवा जिल्हा दंडाधिकाऱ्यांचा. पोलिस अहवाल, शस्त्र सुरक्षेचं प्रशिक्षण आणि घरात हत्यार सुरक्षित ठेवण्याची सोय या गोष्टी लागतातच. परवाना आता ५ वर्षांसाठी मिळतो. पिस्तूल पसंत करून विसार देऊन ठेवायचा आणि मग अर्ज करायचा, हा क्रम उलटा आहे. अर्ज अडकला की विसार अडकतो.

तीन गोष्टी घरच्यांनी आधीच समजून घ्याव्यात.

पहिली, वय. २१ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय स्वतःच्या नावावर सर्वसाधारण परवाना मिळत नाही. लहान नेमबाजांना प्रशिक्षणादरम्यान, देखरेखीखाली आणि नियमांच्या चौकटीतच अग्निशस्त्र वापरता येतं. "बाबांच्या नावावर घेऊ, पोरगा वापरेल" हा घरगुती तोडगा कायद्यात बसत नाही. मुलासाठी काय शक्य आहे ते क्लब आणि राज्य संघटनेमार्फत विचारावं.

दुसरी, संख्या. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच अग्निशस्त्रं ठेवता येतात, आधी तीन चालत. शेती राखणीची बंदूक आणि वारशाने आलेली दुसरी अशा दोन बंदुका नावावर असतील, तर पिस्तूल तिसरं ठरतं. शस्त्र कायद्याच्या कलम ३ मध्ये मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्याला सूट आहे खरी. पण तिथे पॉइंट टू-टू रायफल आणि एअर रायफल असे शब्द आहेत. पिस्तुलाचा त्यात उल्लेख नाही. खेळाडूंना जादा शस्त्रांची मुभा केंद्राच्या वेगळ्या अधिसूचनेने मिळते आणि ती खेळाडूच्या दर्जावर ठरते. त्यामुळे क्लबचं सदस्यत्व मिळालं म्हणजे तिसरं हत्यार चालतं, असं धरून चालू नये.

तिसरी, एअर पिस्तूल. १० मीटरच्या एअर पिस्तुलाचा व्यास ४.५ मिलिमीटर (.१७७ इंच). या व्यासापर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या हवेच्या शस्त्राला परवाना लागत नाही. नेम, श्वास, चाप दाबण्याची सवय हे सगळं तिथेच घडतं. ज्याचा एअर पिस्तुलाचा सराव वर्ष-दोन वर्षं टिकला नाही, त्याने पॉइंट टू-टूचा विचार थांबवलेला बरा.

वापरलेलं घेताना: कागद

परवानाधारक दुसऱ्या परवानाधारकाला आपलं खासगी हत्यार विकू शकतो. कलम ५ तशी मुभा देतं, पण दोन अटींवर. विकणाऱ्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलिस ठाण्याला विक्रीचा इरादा आणि घेणाऱ्याचं नाव-पत्ता लेखी कळवायचा. आणि त्यानंतर किमान ४५ दिवस जाऊ द्यायचे. त्याआधी पिस्तूल हातात घेणं म्हणजे दोघांनीही गुन्ह्याच्या वाटेला जाणं. "घेऊन जा रे, कागद मागाहून करू" असं कुणी म्हणालं, तर तो व्यवहार तिथेच सोडून घरी यावं.

कागद पाहताना हे विचारावं:

• विकणाऱ्याचा परवाना चालू आहे का? युनिक ओळख क्रमांक (यूआयएन) आहे का? याच पिस्तुलाची त्यावर नोंद आहे का?

• पिस्तुलावरचा अनुक्रमांक आणि परवान्यावरचा क्रमांक अक्षरन् अक्षर जुळतो का? क्रमांक किंवा कारखान्याचं नाव घासलेलं, पुसलेलं हत्यार विकणं कलम ८ नुसार मना आहे. गंजाने पुसलं असं सांगितलं तरी घेऊ नये.

• पहिली पावती किंवा आयातीचे कागद आहेत का? स्पर्धेची पिस्तुलं बहुतेक परदेशी बनावटीची. नामांकित नेमबाजाने शुल्कसवलतीत आणलेल्या हत्याराच्या विक्रीला अटी असतात. त्या अटींचा कागद विकणाऱ्याने दाखवायचा असतो, घेणाऱ्याने अंदाज करायचा नसतो.

• मूळ मालक वारला असेल तर वारसाच्या नावे परवाना झाला आहे का? मालकाच्या मृत्यूनंतर कपाटात राहिलेलं पिस्तूल वारसाला तसंच विकता येत नाही.

व्यवहार झाल्यावर पिस्तूल परवाना कार्यालयाला दाखवून नोंद करून घेणं हा शेवटचा टप्पा. ती नोंद होईपर्यंत खरेदी पुरी झाली असं समजू नये.

वापरलेलं घेताना: हत्यार

शिशाची मऊ गोळी नळी फारशी झिजवत नाही. नीट राखलेली नळी हजारो फैरींनंतरही चांगला नेम देते. म्हणून "किती वापरलंय?" एवढंच विचारून भागत नाही. झिजतात ते हलणारे भाग. जाणत्या प्रशिक्षकाला सोबत न्यावं आणि पिस्तूल रिकामं असल्याची दोनदा खात्री करून पाहावं.

काडतूस बसतं त्या घराची कड आधी पाहावी. रिमफायरमध्ये काडतूस नसताना चाप ओढत राहिलं, की पिन थेट त्या कडेवर आपटते आणि तिथे खळगा पडतो. मग काडतूस अडकतं, कधी बार उडतच नाही. रिकाम्या सरावाची सोय नसलेल्या जुन्या पिस्तुलांत हा दोष हमखास सापडतो.

नंतर नळीचं तोंड. तिथे ओरखडा असेल तर गोळी सुटताना ढकलली जाते. नळीच्या आत उजेड टाकून गंजाचे ठिपके पाहावेत. स्प्रिंग, एक्स्ट्रॅक्टर आणि मॅगझिनचे ओठ तपासावेत. मॅगझिन किमान दोन हवीत. चापाला १,००० ग्रॅमचं वजन लावून तो सुटत नाही ना, हे पाहावं.

शेवटी रेंजवर झाडून बघावं. पिस्तूल आधारावर ठेवून २५ मीटरवर दहा फैरी. प्रिसिजनच्या लक्ष्यावर दहाचं वर्तुळ ५० मिलिमीटरचं असतं. आधारावरून दहाही फैरी त्याच्या आत, एकत्र बसल्या नाहीत, तर आधी काडतुसाचा दुसरा लॉट वापरून पाहावा. तरीही पसरल्या तर नाही म्हणावं. ही फैर परवानाधारकाच्या देखरेखीखाली मान्य रेंजवरच व्हावी, घरामागच्या काजूच्या बागेत नव्हे.

मुठीकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. स्पर्धेच्या पिस्तुलाची लाकडी मूठ हाताच्या मापाची असते, डावी-उजवी वेगळी असते. दुसऱ्याच्या हातासाठी कोरलेली मूठ आपल्या हाताला लावून घेतली, तर वर्षभर चुकीची पकड पक्की होते. नवी मूठ मिळते का आणि कितीला, ते भावात धरावं.

नवं कधी घ्यावं?

पार्दिनी, वाल्थर, फाइनवेर्कबाऊ, मोरिनी ही स्पर्धेतली नेहमीची नावं. नवं घेण्याचे फायदे सरळ आहेत: हमी, सुटे भाग, हाताच्या मापाची मूठ, आणि पहिल्या दिवसापासून आपल्याच नावचे कागद. राज्य संघात निवड होऊ लागली, आठवड्याला चार-पाच दिवस सराव आहे, तर नवंच बरं. हॅमर्ली २०८ सारखी पिस्तुलं नावाजलेली, पण त्यांचं उत्पादन कधीच थांबलं. एक सुटा भाग मिळाला नाही तर आख्खा मोसम जातो.

मात्र नवं म्हणजे बिनधोक असंही नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली मनू भाकर यांच्या एअर पिस्तुलात पात्रता फेरीतच बिघाड झाला, दुरुस्तीत मोलाची मिनिटं गेली आणि अंतिम फेरी हुकली. एवढ्या वरच्या पातळीवरचं पिस्तूलही दगा देतं. म्हणून खरेदीआधी विचारायचा प्रश्न असा: बिघडलं तर दुरुस्त कोण करणार, आणि कुठे?

नव्याचा तोटा म्हणजे पैसा आणि वेळ. आयातीवर बंधनं आहेत, संघटनेची शिफारस लागते, महिने जातात. हौस टिकेल की नाही याची खात्री नसताना एवढी रक्कम अडकवणं शहाणपणाचं नाही.

पाऊस, निवडणूक आणि नाका

गोव्यात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. फोमच्या पेटीत बंद ठेवलेलं पिस्तूल जून ते सप्टेंबर ओल धरतं. वापरलेलं पिस्तूल चतुर्थीच्या सुमारास पाहायला मिळालं तर उत्तम, पावसाळ्यात मालकाने कसं राखलं ते लगेच दिसतं. घेतल्यावर तेलाचा हलका हात, सिलिका जेल आणि पंधरा दिवसांनी तपासणी एवढं पुरे.

निवडणुकीत परवान्याची हत्यारं जमा करायची वेळ येते. राष्ट्रीय रायफल संघटनेचे सदस्य असलेल्या आणि स्पर्धांत भाग घेणाऱ्या खेळाडूंना निवडणूक आयोगाच्या सूचनांत सूट आहे, पण सदस्यत्व आणि स्पर्धेचे कागद दाखवून ती मागावी लागते. जे पिस्तूल अनेकदा जमा होऊन आलं आहे, त्याची नळी आतून जास्त काळजीने पाहावी.

आणि सीमा. परवान्यावर तो कुठे चालतो ते क्षेत्र लिहिलेलं असतं. फक्त गोव्यापुरता परवाना असेल तर पत्रादेवीचा किंवा दोडामार्गचा नाका पिस्तूल घेऊन ओलांडता येत नाही. सावंतवाडी ही आपल्याला बाजाराची जागा वाटते, कायद्याला ते दुसरं राज्य आहे. कोल्हापूर, पुण्याला स्पर्धेला जायचं असेल तर क्षेत्र आधीच वाढवून घ्यावं. मोपावरून विमानाने जाताना पिस्तूल रिकामं, चेक-इन सामानात, एअरलाइनला आगाऊ कळवून न्यायचं. काडतुसं वेगळी आणि ५ किलोच्या आत.

शेवटी निवड कशी करावी?

सराव सुरू होऊन वर्षही झालं नसेल तर काहीच घेऊ नये, एअर पिस्तूल आणि क्लबचं हत्यार पुरेसं आहे. परवाना हातात आहे, हौस टिकली आहे आणि ओळखीच्या नेमबाजाचं नीट राखलेलं, मापात बसणारं पिस्तूल मिळतंय, तर वापरलेलं घ्यावं, ४५ दिवस थांबून. राज्य पातळीच्या पुढे जायचं ठरलं असेल, हात डावा असेल किंवा जुन्याचे भाग मिळत नसतील तर नवं. दोन्हीकडे मन अडकलं असेल तर जे पिस्तूल आधी कागदावर आणि मग हातात नीट बसतं, ते घ्यावं. भावाचं बोलणं त्यानंतर.