नांव ठेवल्यानें दोष जडतो काय ?

मराठींत ‘नांव ठेवणें’ या शब्दांचे दोन अर्थ होतात. बारशाच्या दिवशीं बाळाचें नांव ठेवतात तें कौतुकानें. पुढें तेंच बाळ कोठें चुकलें म्हणजे त्याला नांवें ठेवतात तीं दोष दाखविण्याकरितां. दोषाचा वारंवार उच्चार केला कीं तो दोष अंगीं जडतो, अशीहि एक समजूत पुष्कळ घरांत आढळते. विसाव्या शतकांत अमेरिकेंतील एका विद्यापीठांत हीच समजूत शास्त्रीय सिद्धान्ताच्या पदाला चढली, आणि तिची किंमत कांहीं अनाथ मुलांना द्यावी लागली. मुलांच्या तोतरेपणाच्या संशोधनाचा इतिहास या प्रकरणावांचून पुरा होत नाहीं.

तोतरेपणा हा जिभेचाच दोष होय, असें पूर्वीं अनेक वैद्य मानीत. बर्लिनचे शस्त्रवैद्य डीफेनबाख यांनीं तर १८४१ मध्यें रोग्यांची जीभ कापून तिचा तुकडा काढण्याची शस्त्रक्रिया केली. या मार्गानें गुण येत नाहीं हें लवकरच दिसून आलें. पुढें १९२० नंतरच्या दशकांत आयोवा विद्यापीठांत कार्ल सीशोर या मानसशास्त्रज्ञांच्या पुढाकारानें वाणीदोषांचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला. तेथें सॅम्युएल ऑर्टन व ली ट्रॅव्हिस यांनीं जिभेवरचें लक्ष मेंदूकडे वळविलें. मेंदूच्या दोन भागांपैकीं एकाचें वर्चस्व नीट प्रस्थापित झालें नाहीं म्हणजे वाणी अडखळते; डावखुऱ्या मुलाला बळेंच उजव्या हातानें लिहावयास लावल्यानें ही ओढाताण वाढते, असा त्यांचा तर्क होता.

या विद्यापीठांत १९२६ मध्यें वेंडेल जॉन्सन नांवाचा एक तरुण आला. कॅन्सस राज्यांतील एका खेड्यांत १९०६ मध्यें त्याचा जन्म झाला होता. लहानपणापासून तो अतिशय तोतरा होता आणि विद्येइतकीच उपायाचीहि आशा धरून तो आला होता. हात बदलून पाहण्याचा उपचारहि त्यानें स्वतःवर करून घेतला. पण जीभ मोकळी झाली नाहीं. तेव्हां त्याचें मन निराळ्याच दिशेनें धांवूं लागलें. सर्वच लहान मुलें बोलावयास शिकतांना अडखळतात. एखाद्याचे आईबाप मात्र तेवढ्यानें घाबरतात, त्याला तोतरा म्हणतात, जपून बोलावयास सांगतात. मुलाला बोलण्याचीच भीति बसते, आणि त्या भीतींतून खरा तोतरेपणा जन्म घेतो. हा जॉन्सन यांचा सिद्धान्त.

या कल्पनेची परीक्षा १९३९ मध्यें झाली. जॉन्सन यांच्या मार्गदर्शनाखालीं मेरी ट्यूडर या विद्यार्थिनीनें मिसिसिपी नदीच्या कांठच्या डॅव्हेनपोर्ट गांवांतील अनाथाश्रमांतून २२ मुलें निवडलीं. त्यांपैकीं १० तोतरीं समजलीं जात होतीं. १२ जणांची वाणी साधारण होती. या १२ पैकीं ६ मुलांना सांगण्यांत आलें, कीं तुमच्यांत तोतरेपणाचीं लक्षणें दिसूं लागलीं आहेत. अडखळण्याचा संभव असेल तर बोलूंच नका. आश्रमांतील सांभाळणाऱ्या बायांना व शिक्षकांनाहि त्यांच्यावर नजर ठेवण्यास सांगितलें होतें. सर्वांत लहान मूल पांच वर्षांचें होतें. तक्रार घेऊन धांवत जावें असें या मुलांना जगांत कोणी नव्हतें.

थोड्याच महिन्यांत त्या मुलांचें बोलणें कमी झालें. कोणी वर्गांत धडा म्हणेना, कोणी उत्तर देतांना तोंड लपवूं लागलें. आपल्या हातून काय घडलें याची टोंचणी ट्यूडरला लागली. मुलांचा समज दूर करण्यासाठीं ती पुन्हां आश्रमांत गेली, परंतु बोललेले शब्द परत घेतां आले नाहींत. तिचा प्रबंध छापला गेला नाहीं. तो विद्यापीठाच्या ग्रंथालयांत राहिला.

जॉन्सन यांचा सिद्धान्त मात्र ग्रंथांतून व व्याख्यानांतून सर्वत्र पसरला. १९६५ मध्यें त्यांचें निधन झालें, तोंवर आणि त्यानंतरहि कित्येक वर्षें, मूल तोतरें झालें कीं दोष आईबापांकडे येई. आपल्याच काळजीनें आपलें लेंकरूं बिघडलें, हें ओझें असंख्य मातांनीं निमूटपणें वाहिलें.

२००१ मध्यें एका वृत्तपत्रानें डॅव्हेनपोर्टचें प्रकरण उजेडांत आणलें, तेव्हां कुठें त्या मुलांना, आतां वृद्ध झालेल्यांना, आपल्यावर प्रयोग झाला होता हें कळलें. विद्यापीठानें क्षमा मागितली, आणि २००७ मध्यें आयोवा राज्यानें त्यांना व मृतांच्या वारसांना मिळून ९,२५,००० डॉलर भरपाई देण्याचें मान्य केलें.

या कथेंतील मोठा उपरोध पुढेंच आहे. निकोलिन अँब्रोज व एहुद याइरी यांनीं २००२ मध्यें ट्यूडरच्या प्रबंधांतील आंकडे पुन्हां तपासले. नांव ठेवल्यानें त्या मुलांत तोतरेपणा उत्पन्न झाला, असा पुरावा त्यांना मिळाला नाहीं. त्यांनींच १९९९ मध्यें प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत ८४ तोतऱ्या बालकांची निदान चार वर्षें पाहणी होती. त्यांपैकीं ७४ टक्के बालकांचा दोष नाहींसा झाला. २०१० मध्यें कांहीं रोग्यांत तोतरेपणाचा संबंध विशिष्ट जनुकांशीं असल्याचें आढळलें. त्या शोधाचा आरंभ पाकिस्तानांतील कुटुंबांपासून झाला होता. म्हणजे मूळ बरेंचसें शरीरांत आहे. आईच्या हांकेंत नाहीं.

सिडनींत तयार झालेल्या लिडकोंब पद्धतींत तर आईबापच उपचार करतात. मूल सुरळीत बोललें कीं त्याची वाखाणणी करावयाची, आणि क्वचित् अडखळलें तेंहि मायेनें दाखवावयाचें. न्यूझीलंडमध्यें ५४ मुलांवर घेतलेल्या व २००५ मध्यें प्रसिद्ध झालेल्या चांचणींत या पद्धतीनें तोतरेपणा नुसत्या वाट पाहण्यापेक्षां अधिक कमी झाला. दोषाचा उल्लेख करूंच नये, हा जुना दंडक येथें खोटा ठरला.

मग डॅव्हेनपोर्टच्या मुलांचें काहीं बिघडलें नाहीं असें म्हणावयाचें काय ? तसें नाहीं. त्यांची जीभ शाबूत राहिली. गेली ती बोलण्याची हौस. दोषाला नांव दिल्यानें दोष जडत नाहीं. पण मुलाला भीति घातली तर त्याचें तोंड मिटतें. घरांत दोन-तीन वर्षांचें मूल एखाद्या अक्षरावर अडलें तर घाबरण्याचें कारण नाहीं, आणि स्वतःला बोल लावण्याचें तर मुळींच नाहीं. त्याचें वाक्य पुरें होईपर्यंत थांबावें. महिने लोटूनहि अडखळणें राहिलें तर जाणत्याचा सल्ला घ्यावा. मात्र त्याचें ऐकून घेणारें कोणीतरी घरांत असावें. डॅव्हेनपोर्टच्या मुलांना नेमकें तेंच लाभलें नव्हतें.