गालाचा तुकडा

माझी माय अकोटच्या पानमळ्यांत मजुरीला जायची. दिवसभर नागवेलीची पाने खुडायची आणि भूक मारायला तंबाखू-चुन्याची चिमूट गालात धरायची. गालात पांढरा चट्टा उठला तेव्हा एका दवाखान्यात तिच्या गालाचा तुकडा काढला. परतताना एस.टी.त तिने विचारले, ‘‘तुकडा कुठी नेला रे त्याईनं?’’ मला सांगता आले नाही. हातातल्या कागदावर एक नंबर होता, एवढेच. असे तुकडे कुठे जातात याचा इतिहास मी पुढे शोधत गेलो.

आमच्या तोंडाचा इतिहास मात्र आधीपासून लिहिलेला आहे. पेशवाईत पुण्यात अस्पृश्याला थुंकीसाठी गळ्यात मडके बांधावे लागे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली जातिसंस्थेच्या उच्छेदावरील आपल्या भाषणात नमूद केले आहे. ज्या तोंडाची थुंकी भुईला चालत नव्हती, त्याच तोंडाचा मांसाचा तुकडा पुढे विज्ञानाला चालला. नुसता चालला नाही, हवाहवासा झाला.

मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली उघडले. तिथले विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत खानोलकर यांनी १९४४ साली मुखाच्या कर्करोगाच्या एक हजार रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यांची थोरवी मी नाकारत नाही. पण हजार तोंडे आणि लेखावर नाव एक! ती तोंडे कोणाची होती? तंबाखू चघळून पाळी भरणारा गिरणीकामगार, हमाल, झाडूवाली यांतली किती होती, हे शीर्षकातला हजाराचा आकडा सांगत नाही.

खानोलकरांच्या हाताखाली तयार झालेल्या डॉ. कमल रणदिवे पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स येथे जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत शिकल्या, आणि परतल्यावर त्यांनी मुंबईत ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. हे गाय म्हणजे ज्यांनी १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या काळ्या स्त्रीच्या गाठीतल्या पेशी तिला न विचारता वाढवल्या, तेच. हेन्रिएटा व्हर्जिनियात तंबाखूच्या शेतांत राबत वाढली होती. तिच्या पेशी जगभर गेल्या; घरच्यांना ते १९७० नंतर कळले. १९७२ साली आपल्या तरुणांनी ब्लॅक पँथरवरून दलित पँथर हे नाव घेतले, तेव्हा हे दुसरे नाते कोणाच्या ध्यानात आले नसेल.

रणदिवे व त्यांच्या सहकाऱ्यांचे सुपारी-तंबाखूवरील प्राण्यांचे प्रयोग १९७६ साली प्रसिद्ध झाले. अशा प्रयोगांत हॅमस्टरच्या गालातली पिशवी फार वापरली जाते. पण तिला लसिकावाहिन्या नसतात. शरीराचे पहारेकरी ज्या वाटेने ये-जा करतात ती वाटच तिथे नाही. मग माणसाच्या गालातले पहारेकरी तंबाखूपुढे काय करतात, हे तिथे कसे दिसावे?

उत्तर एका उघड्या उंदराने दिले. केस नसलेला हा उंदीर १९६०च्या दशकात ब्रिटनमध्ये आढळला. त्याला थायमस ग्रंथी नसते, हे १९६८ साली कळले. परके मांस ओळखून ते झिडकारणाऱ्या पेशी ह्याच ग्रंथीत तयार होतात. १९६९ साली कोपनहेगनमध्ये माणसाची गाठ अशा उंदरावर लावली आणि ती जगली. पुढे माणसाची कातडी लावली गेली, तोंडातले अस्तरही. आमच्या भागात जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतात. खुंट जंबेरीचा, पण फळ संत्र्याचेच येते. तसेच हे. लँगरहान्स यांनी १८६८ साली त्वचेत पाहिलेल्या, नि मज्जापेशी समजलेल्या, फांद्याफांद्यांच्या पहारेकरी पेशी तोंडाच्या अस्तरातही असतात. त्वचेच्या कलमात ह्या पेशी उंदराच्या पाठीवरही माणसाच्याच राहिलेल्या आढळल्या.

आमच्या कवींना हे रूपक भुरळ घालील: परक्याला न झिडकारणारा जीव! मी त्यांना थांबवतो. तो उंदीर उदार नाही, अपंग आहे; निर्जंतुक पिंजऱ्याबाहेर तो फार टिकत नाही. मला उंदरापेक्षा त्याच्या पाठीवरच्या तुकड्याची काळजी आहे. तो कोणाच्या गालाचा? शस्त्रक्रियेत कापून उरलेले मांस म्हणून आलेला? विचारून घेतलेला?

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा जैविक नमुन्यांसाठी आणि त्यांच्या संमतीसाठी जागा केलेली आहे. चांगले झाले. पण माझ्या मायसारखी बाई अंगठा कशावर उठवते, हे तिला वऱ्हाडीत कोण समजावून सांगतो?

महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. खर्रा घोटणारी पोरे अजूनही दिसतात. कोणाकोणाचे तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नाही.

माय गेल्यावर मी तो कागद घेऊन त्या दवाखान्यात गेलो होतो. तपासलेला तुकडा मेणाच्या ठोकळ्यात जपतात, हे मला तोवर वाचून कळले होते. खिडकीतल्या माणसाने नंबर पाहिला, दोन वह्या चाळल्या आणि विचारले, ‘‘पेशंटचं नाव काय?’’