नागरिकत्व : जन्माने व वंशाने

व्यक्तीला जन्मस्थळामुळे किंवा आईवडिलांच्या नागरिकत्वामुळे आपोआप अथवा नोंदणीने मिळणारे राष्ट्राचे सदस्यत्व. पहिल्या प्रकाराचा आधार भूमी हा असतो, तर दुसऱ्याचा रक्तसंबंध. भारतात संविधानाची कलमे ५ ते ११ आणि नागरिकत्व अधिनियम, १९५५ यांनुसार ते ठरते. संविधान लागू होताना कोण नागरिक होते, हे कलम ५ ते ८ मध्ये सांगितले आहे. त्यानंतर जन्मलेल्यांना अधिनियमाची कलमे ३ व ४ लागू होतात.

जन्माने : भारतीय कायदा भूमीच्या तत्त्वाकडून रक्तसंबंधाकडे टप्प्याटप्प्याने सरकला आहे. जळगाव जिल्ह्यातील एरंडोल येथे २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात जन्मलेली व्यक्ती, आईवडील कोणत्याही देशाचे असले तरी, भारतीय नागरिक ठरते. तिथेच १ जुलै १९८७ पासून जन्मलेल्या मुलासाठी जन्माच्या वेळी आई किंवा वडील भारतीय असणे आवश्यक झाले. ३ डिसेंबर २००४ पासून दोघेही भारतीय असावेत, किंवा एक भारतीय आणि दुसरा बेकायदेशीर स्थलांतरित नसावा, अशी अट आहे. परकीय राजनैतिक अधिकाऱ्यांच्या अपत्यांना अधिनियमाचे कलम ३ सर्वसाधारणपणे लागू होत नाही.

वंशाने : परदेशी जन्मलेल्या मुलाला १० डिसेंबर १९९२ पूर्वी केवळ वडिलांच्या नागरिकत्वाचा वारसा मिळे. त्या दिवसापासून आईलाही तो हक्क मिळाला. ही न्याय्य दुरुस्ती फार उशिरा झाली. ३ डिसेंबर २००४ पासून जन्मलेल्या मुलाची नोंद एका वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत करावी लागते. त्याच्याकडे अन्य देशाचा पासपोर्ट नाही, असे आईवडील लिहून देतात. मुदत उलटल्यास केंद्र सरकारची परवानगी लागते. नोकरीनिमित्त दुबईला गेलेल्या खानदेशी जोडप्याने ही नोंद टाळू नये, कारण संयुक्त अरब अमिराती केवळ तिथे जन्म झाला म्हणून नागरिकत्व देत नाही. अमेरिकेत मात्र जन्माने ते मिळते. वंशाने भारतीय नागरिक झालेल्या अशा मुलाने सज्ञान झाल्यावर सहा महिन्यांत परदेशी नागरिकत्व सोडले नाही, तर त्याचे भारतीय नागरिकत्व संपते.

गोवा : १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाल्यावर १९६२ च्या आदेशाने, २० डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण व दीव येथे स्वतः, आईवडील किंवा आजीआजोबांपैकी कोणी जन्मलेले असल्यास त्या व्यक्तीला भारतीय नागरिक मानण्यात आले. आधीचे नागरिकत्व राखू इच्छिणाऱ्यांना एका महिन्यात लेखी निवेदन देण्याची मुभा होती. पोर्तुगालचा कायदा जुन्या जन्मनोंदींच्या आधारे वंशजांना आजही पोर्तुगीज नागरिकत्वाचा हक्क देतो. मात्र स्वेच्छेने ते नागरिकत्व पत्करणाऱ्याचे भारतीय नागरिकत्व अधिनियमाच्या कलम ९ नुसार संपते.

पुरावा : जन्माची माहिती साधारणपणे २१ दिवसांच्या आत द्यायची असते. एरंडोल शहरात ती नगरपालिकेकडे, तर खेड्यात ग्रामपंचायतीकडे दिली जाते. उशीर झाला, तर विलंब शुल्क व अधिक उशीर झाल्यास वरिष्ठांची परवानगी लागते. वर्ष उलटल्यावर दंडाधिकाऱ्याचा आदेश आवश्यक असतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी जन्माचा दाखला हाच जन्मतारीख व जन्मस्थळ यांचा मुख्य पुरावा ठरला आहे. परंतु १ जुलै १९८७ पासून जन्मलेल्यांना त्यासोबत पालकांचे नागरिकत्वही दाखवावे लागू शकते. ऊसतोड किंवा वीटभट्टीच्या कामाला गाव सोडणाऱ्या कुटुंबांत ही नोंद सहज राहून जाते. त्यामुळे प्रत्येक बाळाची वेळेत नोंद होणे, ही त्याच्या हक्काची पहिली हमी आहे.