सनदांचा मनोरा

कार्यालयीन कामानिमित्त काही वर्षांपूर्वी ब्रसेल्सला जाणे झाले. बैठका शुक्रवारी संपल्या, परतीचे विमान रविवारी होते. मधला शनिवार मी ब्रूज या बेल्जियममधील जुन्या व्यापारी शहरात घालवला. तेथील बाजारचौकात ८३ मीटर उंचीचा एक मध्ययुगीन मनोरा उभा आहे. प्रवासी ३६६ पायऱ्या चढून वर जातात ते घंटा पाहण्यासाठी आणि छायाचित्रे काढण्यासाठी. माझे पाय मात्र वाटेतल्याच एका खोलीत थबकले. भिंतीतील कोनाड्यांना भक्कम लोखंडी जाळ्या आणि अनेक कुलपांची पेटी. शहराच्या सनदा, शिक्का आणि तिजोरी येथे ठेवीत. पेटीच्या किल्ल्या निरनिराळ्या पदाधिकाऱ्यांकडे असत, म्हणजे एकट्याला ती उघडणे शक्यच नव्हते. जन्मभर फायलींत वावरलेल्या माणसाला याहून जवळचे दृश्य ते कोणते?

मनोऱ्याचे बांधकाम १२४० च्या सुमारास सुरू झाले. पायथ्याशी मालाच्या वखारी व कापडाचा बाजार होता. फ्लँडर्सचे लोकरी कापड तेव्हा दूरदूर जाई. शहराचे कायदे व हुकूम याच इमारतीच्या सज्जातून जनतेला वाचून दाखवीत. कामाचे तास, धोक्याचा इशारा हे सारे घंटा सांगत. थोडक्यात बाजार, दप्तर आणि दवंडी एकाच छताखाली होती. चर्चच्या घंटांहून वेगळी अशी स्वतःची घंटा असणे, हा तेथील शहरांना अभिमानाचा विषय वाटे.

१२८० साली या मनोऱ्याला आग लागली. वरचा भाग लाकडी होता, तो जळाला. त्याबरोबर शहराचे दप्तरही जळाले. आता प्रश्न असा उभा राहिला की, ज्या सनदांच्या आधारे नागरिक आपले हक्क सांगत, त्या सनदाच नाहीत, तर हक्क उरले काय? फ्लँडर्सचा अधिपती काउंट गी द दाँपिएर याने जुने हक्क जसेच्या तसे मान्य करण्यास नकार दिला. शहरात आधीच कारागीर व धनिक व्यापारी यांच्यात तेढ होती. शहराच्या जमाखर्चाचा हिशेब मिळावा, ही कारागिरांची मागणी होती. दंगे उसळले, ते मोडून काढण्यात आले आणि १२८१ साली काउंटने स्वतःला अधिक अधिकार राखून नवी सनद दिली. राखेतून हक्क गोळा करता येत नाहीत, हे ब्रूजकरांना महागात कळले.

मराठी वाचकाला येथे इनाम कमिशन आठवल्याखेरीज राहणार नाही. १८५२ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात इनामदारांकडे पुरावे मागितले गेले. पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसणाऱ्या कित्येकांजवळ वहिवाट होती, कागद नव्हता. ब्रूजमध्ये कागद आगीने नेला. आपल्याकडे वाळवीने, पावसाने किंवा भाऊबंदकीने. अर्थशास्त्राच्या अभ्यासात मालमत्तेच्या हक्कांविषयी पुष्कळ वाचले होते, परंतु त्या वाचनात आगीचे प्रकरण कोठे आले नव्हते!

असो. आगीनंतर मनोरा पुन्हा बांधला गेला. ब्रूजच्या शहरी हिशेबवह्यांची उपलब्ध मालिकाही याच सुमारास, १२८० च्या दशकात, सुरू होते. कारागिरांना १३०२ च्या उठावानंतर शहराच्या कारभारात खरा वाटा मिळाला आणि १३०४ च्या सनदेने तो लेखी झाला.

वास्तूकडे पाहिले, तर खालचे दोन चौकोनी टप्पे विटांचे, जाड व गंभीर आहेत. त्यांवरचा अष्टकोनी भाग १४८० च्या दशकात चढवला गेला. तो इतका हलका व नाजूक आहे की, दुसऱ्याच इमारतीचा वाटावा. त्यावर लाकडी शिखर होते. १४९३ साली त्यावर वीज पडली. पुन्हा बांधलेले शिखर १७४१ साली जळाले. तिसऱ्यांदा ते बांधलेच नाही. मला या निर्णयात एक शहाणपणा दिसतो, कलाप्रेमी रागावले तरी. मनोरा पूर्वेकडे थोडा झुकलेलाही आहे, पण ते खालून सहजी ध्यानात येत नाही.

वर ४७ घंटांचा संच वाजू लागला तेव्हा बाकीचे प्रवासी घाईने जिना चढू लागले. मी उतरता उतरता पुन्हा त्या खोलीत शिरलो आणि पेटीची कुलपे मोजू लागलो. तेवढ्यात मागून शाळकरी मुलांचा एक घोळका आला आणि मला बाजूला सरकावे लागले.