जोन्सचा दाखला

निरपराध माणसाने आपण निरपराध असल्याचा सरकारी कागद खिशात घेऊन हिंडावे, ही गोष्ट हसण्याची की चिंतेची? १९३५ साली हॉलिवूडने ती हसण्याची ठरवली आणि ‘द होल टाउन्स टॉकिंग’ नावाचा चित्रपट काढला. निर्मिती कोलंबिया कंपनीची, दिग्दर्शक जॉन फोर्ड. फोर्डचे नाव आज निघते ते वेस्टर्नपटांसाठी, त्यामुळे त्याचा हा विनोदी चित्रपट अभ्यासकांच्याही नजरेतून निसटतो. कथा डब्ल्यू. आर. बर्नेटची. पटकथाकार दोघे, जो स्वर्लिंग आणि रॉबर्ट रिस्किन. त्याच सुमारास अमेरिकेत ‘स्क्रूबॉल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या धांदलीच्या विनोदपटांचे युग सुरू झाले होते आणि १९३४ चा ‘इट हॅपन्ड वन नाइट’ लिहून ते सुरू करणाऱ्यांत रिस्किन होता.

नायक आर्थर फर्ग्युसन जोन्स हा चाळिशी गाठलेला, एकटा, भिडस्त कारकून. आठ वर्षांत एकदाही तो कचेरीत उशिरा पोचलेला नाही. नेमक्या त्याच्या बढतीच्या दिवशी गजर वाजत नाही. मालकाने दोन हुकूम एकदम सोडलेले असतात: कधीही उशीर न करणाऱ्याला पगारवाढ आणि यापुढे पहिला उशीर करणाऱ्याला नारळ. दोन्ही हुकूम एकाच माणसाला लागू पडतात! नोकरी केलेल्या कुणालाही हा प्रसंग परका वाटणार नाही.

पण खरे संकट पुढेच आहे. तुरुंगातून पळालेल्या मॅनियन या खुनी दरोडेखोराचा चेहरा आणि जोन्सचा चेहरा हुबेहूब एक. खानावळीत शेजारी बसलेला एक सद्गृहस्थ वर्तमानपत्रातला फोटो पाहतो आणि पोलिसांना कळवतो. जोन्स आणि त्याच्याबरोबर जेवणारी मिस क्लार्क, दोघांची वरात ठाण्यात. मिस क्लार्कच्या भूमिकेत जीन आर्थर आहे. ती घाबरत तर नाहीच, उलट पोलिसांची मनसोक्त फिरकी घेते. शहानिशा होऊन दोघे सुटतात. पुन्हा असा घोटाळा होऊ नये म्हणून सरकारी वकील जोन्सला एक पत्र देतो: हा इसम मॅनियन नव्हे. त्याच रात्री खुद्द मॅनियन जोन्सच्या खोलीत येऊन बसतो. पत्र दिवसा तुझे, रात्री माझे, असा त्याचा हिशेब. सज्जनाच्या रक्षणासाठी दिलेला कागद एका रात्रीत दरोडेखोराचा परवाना होतो.

हा निव्वळ कल्पनाविलास नव्हता. १९३४ साली अमेरिकेत जॉन डिलिंजर या दरोडेखोराचा शोध चालू होता आणि त्याच्यासारखे दिसणारे लोक पकडले जात होते. त्या एप्रिलमध्ये विस्कॉन्सिन राज्यातील एका हॉटेलाला केंद्रीय तपास खात्याच्या माणसांनी वेढा घातला. टोळी निसटली, मोटारीतून निघालेल्या तिघा निरपराध माणसांवर मात्र गोळ्या झाडल्या गेल्या आणि त्यातला एक मेला. जुलैत डिलिंजर शिकागोत चित्रपटगृहाबाहेर मारला गेला. चित्रपट निर्मात्यांच्या संघटनेने त्याच्या आयुष्यावर चित्रपट काढायला आधीच मनाई केली होती, आणि त्याच वर्षी नीतिसंहिताही कडक झाली. दरोडेखोराला नायक करता येईना, तेव्हा तो विनोदपटात शिरला, असे आम्हांस वाटते. हसता हसता पोलिसांविषयीही बरेच बोलता आले.

मराठी वाचकाला इथे ‘तो मी नव्हेच’ आठवेल. पण अत्र्यांच्या लखोबाचे ‘नव्हेच’ लबाडाचे होते. जोन्सचे ‘नव्हे’ खरे आहे, आणि तरीही त्याला सहीशिक्क्याची गरज लागते.

महेश भट्ट यांचा १९९८ चा ‘डुप्लिकेट’ याच कथेवरून घेतला असल्याचे सांगितले जाते. त्यात भोळा बबलू आणि गुंड मनू या दोन्ही भूमिका शाहरुख खान यांनी केल्या. पुढे ऑगस्ट २००९ मध्ये अमेरिकेत न्यूअर्क विमानतळावर त्यांनाच चौकशीसाठी थांबवून ठेवण्यात आले; तसेच २०१२ आणि २०१६ मध्येही झाले. यावर आपल्याकडे विनोद झाले, खुद्द खानसाहेबांनीही केले. ज्यांच्यासाठी फोन करणारे कुणी नसते, त्यांना विनोद इतक्या लवकर सुचत नसावेत.

जोन्स आणि मॅनियन या दोन्ही भूमिका एडवर्ड जी. रॉबिन्सनने केल्या आहेत. वेशभूषेचा आधार जवळजवळ नाही. खांदे, ओठ आणि पापण्या यांतूनच दोन माणसे वेगळी होतात. एकाच चौकटीत दोघे समोरासमोर बसले, तरी क्षणभरही गल्लत होत नाही. प्रेक्षकाला जे सहज कळते ते पोलिसांना कळत नाही, हीच तर गंमत. रॉबिन्सन मूळचा इमॅन्युएल गोल्डनबर्ग. १८९३ साली बुखारेस्टच्या ज्यू कुटुंबात जन्मलेला, लहानपणीच न्यूयॉर्कला आलेला. १९३१ च्या ‘लिटल सीझर’ने त्याच्यावर गुंडाचा शिक्का बसला होता. ती कादंबरीही बर्नेटचीच. भित्र्या कारकुनाने तो पुसायला मदत केली.

दुसरा शिक्का मात्र सहजी पुसला गेला नाही. जून १९५० मध्ये कम्युनिस्टांचे हस्तक म्हणून संशयितांची जी यादी पुस्तिकारूपाने निघाली, तीत रॉबिन्सनचे नाव होते. तो आपणहून संसदीय समितीपुढे गेला आणि आपण कम्युनिस्ट नसल्याचे सांगून आला. एकदा पुरले नाही, पुन्हा गेला. १९५२ मध्ये तिसऱ्यांदा गेला तेव्हा, कम्युनिस्टांनी आपल्याला फसवून वापरले, अशी कबुली देऊन सुटला. त्याच वर्षी माजी सैनिकांच्या एका मासिकात त्याच आशयाचा लेख त्याच्या नावाने प्रसिद्ध झाला. चित्रपटातल्या जोन्सच्या नावानेही वर्तमानपत्रात लेखमाला येते. मजकूर मॅनियनचा असतो.

मोठ्या चित्रपटांची दारे तरीही बंदच होती. ती उघडली सेसिल डिमिलने, १९५६ च्या ‘द टेन कमांडमेंट्स’मध्ये. हजरत मूसांच्या त्या कथेत रॉबिन्सनच्या वाट्याला आला दाथान, आपल्याच लोकांची खबर फिरऔनच्या माणसांना पुरवणारा.