मुंबईतील श्रमिक वस्त्या : पाडकाम, दुरुस्ती आणि कामाचे अंतर

मुंबईच्या गरीब वस्त्यांच्या सुधारणेचा इतिहास बहुधा इमारतींचा इतिहास म्हणून लिहिला जातो. किती चाळी पाडल्या आणि किती बांधल्या, याची गणती त्यात असते. ती गणती आवश्यक असली, तरी तिच्यातून एक महत्त्वाची गोष्ट निसटते. श्रमिकाच्या दृष्टीने घराचे मूल्य त्याच्या भिंतींइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, घरापासून कामापर्यंतच्या अंतरात सामावलेले होते.

१८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ साली, सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढावेत, म्हणजे हवा व उजेड येऊन रोग हटेल, अशी त्याच्या कर्त्यांची धारणा होती. सँडहर्स्ट रोड आणि प्रिन्सेस स्ट्रीट ही त्याच धोरणाची फळे होत. तथापि ज्यांची घरे गेली ती माणसे शहराबाहेर गेली नाहीत. ती लगतच्या आळीत शिरली आणि तेथील गर्दी वाढली. एका गल्लीतून हटविलेला रोग दुसऱ्या गल्लीत नेण्याचाच हा प्रकार होता, असे म्हणणे भाग आहे.

ही माणसे जवळच का घुटमळत राहिली, याचे उत्तर गिरण्यांच्या रोजगारपद्धतीत सापडते. बदली कामगाराला रोज सकाळी गिरणीच्या दरवाजाशी उभे राहावे लागे. त्या दिवशी काम मिळेल की नाही, हे तेथेच ठरत असे. कामावर लावणारा मुकादम, उधारीवर धान्य देणारा वाणी, गावच्या बाईची खाणावळ, सहा-आठ गाववाल्यांनी मिळून घेतलेली खोली, हा सारा आधार त्याच परिसरात असे. कामगारांचा फार मोठा भाग गिरणीपासून पंधरा मिनिटांच्या चालीवर राहत असे. त्या परिघाबाहेरची खोली कितीही हवेशीर असली, तरी ती त्याच्या उपयोगाची नव्हती.

सरकारला हे उमगले ते पैसा खर्च झाल्यावर. १९२० साली गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकीर्दीत डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघाले. कापसाच्या दर गाठीवर एक रुपया जकात बसवून पन्नास हजार खोल्या बांधण्याचा संकल्प सोडण्यात आला. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, शिवडी व डिलाईल रोड येथे मिळून २०७ चाळी आणि सुमारे सोळा हजार खोल्या झाल्या. त्यांपैकी १२१ चाळी एकट्या वरळीत होत्या, आणि नेमक्या तेथीलच खोल्या वर्षानुवर्षे मोठ्या संख्येने रिकाम्या राहिल्या. अंतर हेच एकमेव कारण होते असे नाही. त्या काँक्रीटच्या खोल्या कोंदट होत्या आणि भाडेही जड होते. परंतु गिरण्यांपासून दूर, बाजारहाट नाही, येण्याजाण्याचे साधन अपुरे, अशा जागी प्रचंड वसाहत उभारण्यातील चूक मूलभूत होती. याउलट ट्रस्टचीच दादर-माटुंगा वसाहत ट्राम व रेल्वे यांच्या आधाराने भरभराटीस आली. मात्र तेथे गेला तो मुख्यतः मध्यमवर्ग. १९२५ साली व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला विजेची गाडी सुरू झाली. तिचा लाभ ठरावीक वेळेच्या नोकरदाराला झाला, तसा रोज दारात उभे राहणाऱ्या बदली कामगाराला होणे शक्य नव्हते.

योगायोग असा की, याच सुमारास पॅट्रिक गेडिस मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र यांचे प्राध्यापक होते (१९१९-२४). एडिंबरोच्या जुन्या वस्तीत स्वतः राहून त्यांनी मोडकळीस आलेली घरे दुरुस्त करविली होती. तंजावर, इंदूर आदी शहरांच्या अहवालांत त्यांनी हेच तत्त्व मांडले : मोजकी जीर्ण घरे तेवढी काढावीत, मिळालेल्या मोकळ्या जागेतून हवा येऊ द्यावी, बाकीची वस्ती दुरुस्त करून जागच्या जागी राखावी. मुंबईने या प्राध्यापकाला आसन दिले, परंतु मार्ग मात्र विरुद्ध दिशेचा धरला.

दुरुस्तीचा विचार मुंबईत आला तो अर्धशतकानंतर, आणि तत्त्व म्हणून नव्हे, संकट म्हणून. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठविली. भाडेकरूचे कामाजवळचे घर त्यामुळे वाचले. पण त्या भाड्यात छप्पर शाकारण्याचीही मालकाची इच्छा उरली नाही. पावसाळ्यात इमारती कोसळू लागल्या. अखेर १९६९ चा कायदा होऊन उपकराच्या बदल्यात दुरुस्तीची जबाबदारी शासनाच्या मंडळाने घेतली. अशा उपकरप्राप्त इमारती १९,६४२ होत्या. त्यांतील १६,५०२ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या होत्या. टेकू, तुळया आणि गिलावा यांवर होणारा हा खर्च सुधारणेच्या इतिहासात क्वचितच मोजला जातो. वस्तुतः अनेक कुटुंबे गिरगाव-परळ भागात टिकून राहिली ती त्याच्याच बळावर.

जेथे इमारत दुरुस्तीपलीकडे गेली, तेथे मात्र जुनाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. रहिवाशांना तात्पुरते म्हणून दूरच्या संक्रमण शिबिरांत हलविण्यात आले. मूळ भूखंड अरुंद. नव्या नियमांप्रमाणे बांधले तर सर्वांना पुरतील इतके गाळे तेथे बसत नसत. परिणामी काही कुटुंबांची दुसरी पिढी शिबिरातच वाढली. ज्यांना मूळ जागी घर देणे शक्य झाले नाही, त्यांच्यासाठी मंडळाला स्वतंत्र यादी ठेवावी लागली, आणि त्या यादीतील अर्जदार घराइतकाच आपला जुना परिसरही परत मागत आले आहेत.